ठासणीच्या बंदुकीपासून सहाबारी पिस्तुलापर्यंत

लढाया संपतात, हत्यारें गंजतात, परंतु त्यांचे शब्द मात्र भाषेंत दीर्घकाळ नांदत राहतात. आपण एखादी गोष्ट 'ठासून' सांगतों, एखाद्याची बढाई 'फुसका बार' ठरते, आणि एखादा वक्ता सभा गाजवूं लागला म्हणजे त्यास 'मुलुखमैदान तोफ' म्हणतों. हे शब्द उच्चारणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं बंदुकीची नळी गजानें ठासली जात असतांना पाहिली असेल. ज्या कृतींतून हे शब्द जन्मले ती कृति विस्मृतींत गेली. एवढेंच झालें असतें तर हळहळण्याचें कारण नव्हतें. परंतु इतिहास लिहितांनाही आपण या कृतीकडे दुर्लक्ष करितों. अमुक सरदाराबरोबर किती तोफा होत्या, तमुक किल्ल्यावर किती बंदुका सांपडल्या, याच्या याद्या आपण आवडीनें देतों. पण त्या तोफा व बंदुका भराव्या कशा लागत, एका बारापासून दुसऱ्या बारापर्यंत किती वेळ जाई, आणि त्या मधल्या वेळांत माणसाचें काय होई, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः दारूच्या हत्यारांचा सारा इतिहास म्हणजे या मधल्या वेळाशीं मनुष्यानें दिलेल्या झुंजीचा इतिहास होय. तो इतिहास मराठवाड्यांतील पाथरीसारख्या एका जुन्या ठाण्याजवळ उभें राहून पाहिला तर बराच स्पष्ट दिसतो, असें मला वाटतें.

पाथरीचें नांव दक्षिणच्या इतिहासांत एका विलक्षण हट्टामुळें आलें आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण असून त्याच्या घराण्याकडे पाथरीचें कुलकर्णीपण होतें, असें फेरिश्ता सांगतो. हें घराणें विजयनगरच्या मुलुखांत गेलें, तेथें तो मुलगा बहामनी फौजेच्या हातीं लागला, मुसलमान झाला, आणि त्याचा पुत्र अहमद यानें पुढें स्वतंत्र राज्य स्थापिलें. या अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर असतांना पूर्वजांचें गांव आपल्या राज्यांत असावें अशी त्यास ओढ लागली. पाथरी त्या काळीं वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. दुसरा मुलूख घेऊन पाथरी द्यावी अशी विनंति झाली. ती नाकारली गेली. आणि १५१८ सालीं निजामशाही फौजेनें एकाएकीं चाल करून पाथरी घेतली. इमादशहानें ती परत मिळविली, तेव्हां १५२७ सालीं बुऱ्हाणानें पुन्हां स्वारी करून ठाणें हस्तगत केलें व आपल्या ब्राह्मण नातलगांस तो प्रांत इनाम दिला. एका कुलकर्णी घराण्याच्या गांवासाठीं दोन सुलतानांनीं वर्षानुवर्षें झगडावें, ही गोष्ट कादंबरीकारास सुचली असती तर वाचकांनीं ती अतिशयोक्त मानली असती.

याच बुऱ्हाणाच्या दरबारीं महंमद बिन हसन रूमी नांवाचा तुर्की ओतारी होता. त्यानें १५४९ सालीं अहमदनगर येथें एक तोफ ओतली. तीच आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान, म्हणजे आपल्या बोलींतील मुलुखमैदान. हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा तिच्या तोंडाशीं कोरला आहे. वजन सुमारें पंचावन्न टन, लांबी चौदा फुटांहून अधिक, आणि तोंडाचा व्यास इतका कीं आंत मनुष्य बसूं शकेल. परांड्याच्या किल्ल्यावरून ती १६३२ च्या सुमारास विजापुरास नेली गेली. पाहणारा तिच्या आकारानेंच थक्क होतो. पण गोलंदाजाच्या दृष्टीनें पाहिलें तर या आकाराचें दुसरें अंगही दिसतें. एवढी तोफ एकदां डागल्यावर ती पुसावयाची, आंतील निखारा विझला आहे याची खात्री करावयाची, पुन्हां दारू भरून ठासावयाची, गोळा चढवावयाचा. हें सारें होईपर्यंत शत्रूस पुष्कळ अवधि मिळे. मोठी तोफ एकदांच बोलते आणि मग बराच वेळ मुकी होते.

या मुकेपणाची किंमत काय असे, हें पाथरीच्याच परिसरांत दिसून आलें. १५९६ सालीं मोगलांनीं अहमदनगरास घातलेला वेढा चांदबिबीनें मोठ्या शौर्यानें परतविला. सुरुंगानें पाडलेलें भगदाड तिनें रातोरात बुजवून घेतलें, ही कथा सर्वश्रुत आहे. अखेर तहांत वऱ्हाड मोगलांकडे गेलें. परंतु पाथरीसारखीं, वऱ्हाडांत न मोडणारीं ठाणींही मोगल अंमलदारांनीं बळकाविलीं, अशी अहमदनगरकरांची तक्रार होती, असें फेरिश्ता नमूद करितो. तंटा पेटला. विजापूरचा सेनापति सुहेलखान अहमदनगर व गोवळकोंडा येथील फौजांसह गोदावरीच्या कांठीं आला. मोगलांचा सेनापति होता अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे हिंदी दोह्यांचा प्रसिद्ध कवि रहीम. १५९७ च्या फेब्रुवारींत पाथरीपासून कांहीं कोसांवर, आष्टी व सोनपेठ यांच्या बाजूस, ही लढाई झाली. दक्षिणी तोफखान्याच्या माऱ्यापुढें खानदेशचा राजा अलीखान, जो मोगलांच्या बाजूनें लढत होता, आपल्या अनेक लोकांसह पडला. अंधार झाला तरी दोन्ही फौजांचे कांहीं भाग रणांगणावरच होते आणि कोण जिंकलें हें कोणासच कळेना. रात्रीं शत्रूकडे मशाली दिसतांच खानखानानानें हातीं आलेल्या तोफा त्या उजेडाच्या रोखानें डागविल्या. दुसऱ्या दिवशीं जय मोगलांचा झाला. ज्या तोफांनीं दिवसा एका राजाचा प्राण घेतला, त्याच जातीच्या तोफा रात्रीं आपल्या धन्यांवर उलटल्या. दारूस धनी ओळखूं येत नाहीं. जो भरील व बत्ती देईल त्याची ती.

आतां तोफेवरून बंदुकीकडे येऊं. सोरा, गंधक व कोळसा या तीन पदार्थांची ती काळी दारू. तिच्यांत सोऱ्याचा वांटा सुमारें तीन चतुर्थांश असे. ती पेटली म्हणजे तिचा निम्म्याहून थोडा अधिक भाग वायु न होतां घनरूपानेंच उरतो. कांहीं पांढऱ्या धुराच्या रूपानें हवेंत पसरतो, कांहीं काजळीच्या रूपानें नळीस चिकटतो. म्हणून कांहीं बार झाले कीं शिपायास समोरचा शत्रु दिसत नसे आणि नळींत गोळी सहज उतरत नसे. तोड्याच्या बंदुकीची रीत अशी होती: शिंगड्यांतून मापानें दारू काढून नळींत ओतावयाची, वर गोळी व चिंधी घालून गजानें ठासावयाची, कानाजवळच्या पेल्यांत बारीक रंजक घालावयाची, मग जळता तोडा फुंकून घोड्याच्या चिमट्यांत बसवावयाचा आणि चाप ओढावयाचा. एका हातांत जळता तोडा आणि दुसऱ्यांत दारूचें शिंगडें, असा हा व्यवहार; त्यांत हयगय झाली तर शत्रूची वाट पाहण्याचें कारण नसे. पाऊस आला कीं तोडा विझे. रात्रीं तोड्याचा ठिपका शत्रूस दिसे. रंजक उडाली पण आंतील दारू पेटली नाहीं, तर तो फुसका बार. सतराव्या शतकांतील फ्रेंच प्रवासी बर्निये यानें लिहून ठेविलें आहे कीं, बंदूकवाल्याचे दोन बार होईपर्यंत घोडेस्वार तिरंदाज सहा बाण सोडतो. बंदुका आल्यावरही दक्षिणेंत भाला, तलवार व तिरकमठा यांचा मान दीर्घकाळ टिकला, याचें एक कारण या हिशेबांत आहे. त्यास केवळ मागासलेपणा म्हणणें अन्यायाचें होईल.

दारू बाळगण्याचें शास्त्रही तितकेंच कडक होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यावरील दारूखान्याविषयीं जें सांगितलें आहे तें आजही मनन करण्याजोगें आहे. दारूचें कोठार राहत्या घराजवळ नसावें. तळघर करून त्यांत माच घालावा व त्यावर दारूचीं मडकीं ठेवावीं, म्हणजे ओल लागणार नाहीं. आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावें आणि पुन्हां मुद्रा करून ठेवावें. पहारा नेहमीं असावा, असा त्यांचा आशय आहे. राज्यनीतीच्या ग्रंथांत मडक्यांचा व उन्हाचा विचार करणारा हा अमात्य किती व्यवहारज्ञ होता! गड राखतो तो केवळ तट नव्हे. पंधरा दिवसांनीं दारूस ऊन देणारा हवालदारही गड राखतो, हें त्यानें ओळखलें होतें.

भरण्याचा वेळ कमी करावा आणि जळत्या तोड्याचें संकट टाळावें, या दोन इच्छा सर्वच देशांतील कारागिरांस होत्या. विजापूरच्या दरबारांतून अकबराकडे गेलेला विद्वान फतेउल्ला शिराझी यानें एकाच बत्तीनें सतरा नळ्या उडविण्याची युक्ति काढल्याचें व अनेक नळ्या एका वेळीं साफ करणारें यंत्र रचल्याचें मोगल ग्रंथांत वर्णन आहे. त्याचा मृत्यु १५८९ सालीं झाला. तोड्याच्या जागीं पुढें चकमक आली. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी ही बंदूक घेऊन कवाइती पायदळ मिनिटांत दोनतीन बार काढूं लागलें, आणि इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींमुळें आपल्या लोकांसही तिचें सामर्थ्य कळलें. तरीही पावसाची व वाऱ्याची भीति होतीच. ती घालविण्याचें श्रेय एका स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे जातें. अलेक्झांडर फोर्सिथ यास पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकेचा भडका पाहून पक्षी उडून जात, हें त्यास खपेना. आघातानेंच पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग करण्याची युक्ति त्यानें शोधिली व १८०७ सालीं तिचा हक्क नोंदविला. यांतूनच पुढें तांब्याची इवलीशी टोपी निघाली. घोडा टोपीवर पडला कीं बार उडे. ना तोडा, ना ठिणगी.

टोपी निघाल्यावर फिरत्या पिस्तुलाचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेंतील सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ सालीं आपल्या देशांत या पिस्तुलाचा हक्क मिळविला. नळी एकच, तिच्या मागें फिरणारा गोल नळकांडा, त्यांत पांच किंवा सहा घरें, आणि प्रत्येक घराच्या पाठीशीं एक टोपी. घोडा मागें ओढला कीं नळकांडा एक घर पुढें सरके. १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनांत कोल्ट व त्याचा इंग्रज प्रतिस्पर्धी रॉबर्ट अॅडम्स या दोघांचीं पिस्तुलें मांडलीं होतीं. कोल्टच्या पिस्तुलाचा घोडा दर वेळीं अंगठ्यानें चढवावा लागे. अॅडम्सच्या पिस्तुलाचा चाप ओढला कीं घोडा आपोआप चढून पडे. हिंदुस्थानांत १८५७ च्या वणव्यांत इंग्रज अंमलदारांच्या कमरेला हीं दोन्ही जातींचीं पिस्तुलें होतीं. त्याच वर्षीं शिपायांच्या असंतोषास निमित्त झालें तें काडतुसाचें. दांतांनीं फोडावयाच्या कागदी काडतुसाच्या चरबीवरून ठिणगी पडली. बंदूक भरण्याची कृति हा क्षुल्लक विषय आहे असें ज्यास वाटत असेल त्यानें एवढी एकच गोष्ट आठवावी.

सहाबारी पिस्तूल झटपट उडे, पण तें झटपट भरतां येत नसे. जुन्या रीतीप्रमाणें प्रथम घरें कोरडीं व तेलरहित आहेत कीं नाहींत हें पाहावें लागे. त्यासाठीं नुसत्या टोप्या उडवून कान मोकळे करीत. मग घोडा अर्ध्यावर ठेवून एकेका घरांत मापानें काळी दारू ओतावयाची. शिशाची गोळी घराच्या तोंडापेक्षां किंचित् मोठी असे; नळीखालच्या दांड्यानें ती दाबली कीं शिशाची बारीक कडी कापली जाऊन गोळी घट्ट बसे. गोळी व दारू यांमध्यें पोकळी राहिली तर घर फाटण्याचें भय. गोळी वर राहिली तर नळकांडा अडे. गोळीवर चरबी किंवा मेण लावीत, त्यानें काजळी मऊ राही, आणि एका घराची ज्वाला शेजारच्या घरांत शिरण्याचा धोकाही कमी होई. ती शिरली तर एकाच्या जागीं अनेक बार एकदम उडून भरणाऱ्याचाच हात जाई. टोप्या सर्वांत शेवटीं, आणि त्याही पिस्तुलाचें तोंड निर्जन दिशेस ठेवून. कमरेस लावतांना सावध मनुष्य एक घर रिकामें ठेवून घोडा त्यावरच टेकवी. रात्रीं कढत पाणी व साबण यांनीं सारें धुवून, पुसून, तेल लावणें भाग असे. कारण या दारूची राख हवेंतील ओल शोषून लोखंड खाते. सहा बारांच्या सत्तेसाठीं रोज एवढी सेवा करावी लागे.

पाथरीच्या ईशान्येस हिंगोली हें हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचें ठाणें होतें. १८५३ च्या तहानें या फौजेच्या खर्चासाठीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १५ जानेवारी १८५९ रोजीं चिचंबा येथें या फौजेच्या दुसऱ्या रिसाल्यांतील क्लॉग्स्टन नांवाचा अंमलदार केवळ आठ स्वारांनिशीं बंडखोरांवर तुटून पडला. तो जबर जखमी झाला आणि आठांपैकीं सात स्वार कामास आले. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें १८६२ च्या मे महिन्यांत हिंगोली येथेंच तो मारला गेला. नवीं हत्यारें आलीं म्हणून माणसें मरावयाचीं थांबलीं नाहींत, ही यांतील पहिली शिकवण. दुसरी अशी कीं सन्मानपत्रावर अंमलदाराचें नांव कोरलें गेलें. त्या सात स्वारांस त्यावर केवळ संख्येपुरतीच जागा मिळाली. इतिहासाच्या याद्यांत पुष्कळदां हेंच होतें.

यानंतर काळ्या दारूचें युग झपाट्यानें ओसरलें. धातूचें काडतूस १८५७ पासून अमेरिकेंत पिस्तुलांत वापरलें जाऊं लागलें आणि पुढील वीस वर्षांत त्यानें टोपी, माप व दांडा यांस रजा दिली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांतील सामान्य प्रजेच्या घरांतून बंदूक परवान्याच्या कागदाआड गेली. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें धूर न होणारी दारू सिद्ध केली. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकास अनंत कान्हेरे यांनीं जॅक्सनवर जें पिस्तूल झाडलें तें ब्राउनिंग बनावटीचें, म्हणजे सर्वस्वीं नव्या युगाचें होतें. ज्या हत्यारास भरावयास पूर्वीं कित्येक मिनिटें लागत तें आतां क्षणांत तयार होऊं लागलें. मधला वेळ जवळजवळ नाहींसा झाला, आणि त्याबरोबर हत्यार हातीं घेणाऱ्यास विचार करावयास मिळणारी सवडही नाहींशी झाली. हा लाभ कीं हानि, याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र येथें सांगितलीच पाहिजे. जुन्या देशमुखी व पाटिलकीच्या वाड्यांत अद्यापि एखादी ठासणीची बंदूक किंवा गंजलेलें पिस्तूल आढळतें. तें निर्जीव झालें असें समजून मुलांच्या हातीं देणें अत्यंत धोक्याचें आहे. ठासणीच्या हत्यारांत बार भरलेला आहे कीं नाहीं हें बाहेरून दिसत नाहीं, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेटूं शकते. अमेरिकेंतील यादवी युद्धाचा एक तोफगोळा साफ करतांना २००८ सालीं व्हर्जिनिया प्रांतांत एका संग्राहकाचा प्राण गेला. तो गोळा सुमारें दीडशें वर्षांपूर्वींचा होता. म्हणून असें हत्यार सांपडल्यास चाप ओढूं नये, टोपी बसवूं नये, अग्नीजवळ नेऊं नये, नळींत डोकावूं नये. जाणता मनुष्य लांकडी काठी नळींत अलगद घालून ती किती आंत जाते हें बाहेरून कानापर्यंतच्या अंतराशीं ताडून पाहतो. काठी अलीकडेच अडली तर आंत कांहीं आहे असें समजावें. परंतु तें काम त्याच्यावरच सोपवावें. आजची धूररहित दारू अशा नळींत घालणें म्हणजे तर ती नळी स्वतःच्या तोंडापुढें फोडून घेणें होय; जुनें लोखंड तिचा दाब सोसूं शकत नाहीं. शिवाय १९५९ च्या कायद्याप्रमाणें जें जुनें हत्यार दुरुस्त करूनही चालूं शकणार नाहीं त्यासच सूट आहे. इतरांची माहिती पोलिसांस देणें हेंच श्रेयस्कर.

परंतु भीतीपोटीं तें भंगारांत घालणें हाही तितकाच मोठा प्रमाद होय. त्याच्या दस्त्यावरील झीज, कानाभोंवतीं पडलेला खळगा, वांकलेला गज, यांत एका विस्मृत शिपायाच्या हातांची नोंद आहे, आणि ती कोणत्याही बखरींत सांपडावयाची नाहीं. तें निर्धोक करून घ्यावें, कोणत्या घराण्याकडून कसें आलें हें वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें, आणि शक्य असल्यास संग्रहालयास द्यावें. सुलतानांचीं नांवें फेरिश्त्यानें राखलीं, सेनापतींचीं अबुल फजलानें राखलीं. पाथरीच्या वेशीवर पावसांत तोडा विझूं न देण्यासाठीं जो उभा राहिला, त्याचें नांव राखण्याचें काम कोणींच केलें नाहीं. त्याचें हत्यार तरी आपण राखावें.